पायपिंग लावलेला राक्षस

बायको गेल्यावर कुशनवाले रडले नाहीत, आणि लोकांनी त्याचा अर्थ आपापल्या सोयीने लावला. शेजारचा चावीवाला म्हणाला, माणूस खंबीर आहे. मोठी मेव्हणी म्हणाली, पहिल्यापासूनच कोरडा, आमच्या बहिणीने कसे दिवस काढले तिचं तिला ठाऊक. समोरच्या बाईंनी तर इतकं रडून घेतलं की कुशनवाल्यांनाच उठून त्यांना पाणी द्यावं लागलं.

खरं म्हणजे त्यांना काही होतच नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो आणि आपलाच पाय हाताने उचलून बाजूला ठेवावा लागतो, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. सकाळी स्वतःला उचलून दुकानात न्यायचं, संध्याकाळी उचलून घरी आणायचं. मधल्या वेळात गाड्यांच्या सीटा, सोफ्याच्या गाद्या, दवाखान्यांतली बाकं यांना रेक्झिन चढवायचं. हात चोख चालत होते. जेवणाला चव नव्हती, पण जेवण पोटात जात होतं. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, सुट्टीच्या दिवशी यायची, स्वयंपाक करून ठेवायची आणि जाताना म्हणायची, "बाबा, एकदा मोकळेपणाने रडा ना." कुशनवाले "बरं" म्हणायचे. एकदा त्यांनी खरंच प्रयत्न करून पाहिला. आरशासमोर उभं राहून तोंड वेडंवाकडं केलं. आरशातला म्हातारा शिंक अडकल्यासारखा दिसला, म्हणून सोडून दिलं.

एकच गोष्ट त्यांना खुपायची. डोळे मिटले की हॉस्पिटलमधला चेहरा दिसायचा. नाकात नळी, गाल आत गेलेले, ओठांवर साल आलेली. त्याच्या आधीचा चेहरा काही केल्या आठवेना. आख्खा संसार ज्या चेहऱ्यासमोर झाला तोच कुठे नाहीसा झाला होता. फोटो होते, नाही असं नाही. पण कॅमेरा समोर आला की ती अशी काही ताठ व्हायची की जणू कोर्टात साक्ष द्यायला उभी आहे. सगळ्या फोटोंत तीच एक ताठ बाई होती, आणि त्या बाईशी कुशनवाल्यांची ओळख नव्हती.

वर्ष सरत आलं, आणि एक दातांची डॉक्टर दुकानात आली. तरुण, घाईतली, काखेत एक फाटकी उशी. पेशंटच्या खुर्चीवर डोकं टेकायची असते ती. कुशनवाल्यांनी उशी उलटीसुलटी करून पाहिली आणि रेक्झिनचे तुकडे पुढे केले. डॉक्टरचं लक्ष मात्र कोपऱ्यात तयार होऊन पडलेल्या गाद्यांकडे होतं. तपकिरी रेक्झिन, आणि शिवणीत दोरी भरून काढलेली जाड पांढरी कड. तिला या धंद्यात पायपिंग म्हणतात. बाकीचे कारागीर कोपऱ्यावर ती कापून जोडतात. कुशनवाले न कापता वळवून नेतात आणि वळणावर एक बारीकशी चुणी सोडतात. वाकून, बोट लावून ती डॉक्टर ती चुणी बघत बसली.

"काका, एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही कधी राक्षस शिवला होता का?"

कुशनवाल्यांनी तोंडातली टाचणी काढली. "हो. एक."

"तळघरातला?"

"तळघरातलाच. का, उसवला का?"

डॉक्टर मटकन स्टुलावर बसली. मग जे बोलायला लागली ते थांबेचना. ती आणि तिची मित्रमंडळी रविवारी दुपारी एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर जमायची आणि फसलेले सिनेमे बघायची. जितका फसलेला तितका लाडका. एका मित्राला व्हिडिओच्या दुकानाच्या भंगारात एक कॅसेट सापडली होती: 'भुकेलं तळघर'. त्या दिवसापासून बाकीचे सगळे सिनेमे फिके पडले होते. त्यातला राक्षस तर त्यांचं दैवत होता.

"म्हणजे हसायला जमता," कुशनवाले म्हणाले. राग नव्हता. माहिती म्हणून विचारत होते.

"हसायलाच. पण टिंगल करायला नाही हो, काका. चांगला सिनेमा बघताना माणूस आपल्या खुर्चीत एकटा असतो. हा बघताना सगळी खोली एकमेकांची होते. आणि करणाऱ्यांनी किती जीव ओतलाय ते दिसतं. चुकलंय, पण जीव ओतून चुकलंय. नाहीतर राक्षसाला पायपिंग कोण लावतं?"

"कड उघडी राहिली तर रेक्झिन फाटतं," कुशनवाले म्हणाले.

"आणि ती तळघरात सापडलेली मुलगी! तो शॉट आला की सगळे उठून उभे राहतात."

कुशनवाल्यांनी कात्री खाली ठेवली. "ती माझी बायको. गेली ती, गेल्या वर्षी." मग त्यांनी विचारलं, "तोंड दिसतं का तिचं? नीट?"

डॉक्टरचा चेहरा उतरला. "पडदाभर दिसतं, काका," ती हळू आवाजात म्हणाली.

तर त्या सिनेमाची कथा अशी. एका पासपोर्ट फोटोवाल्याच्या डोक्यात सिनेमाचं खूळ शिरलं. माणसांना "हनुवटी वर, हलू नका" एवढंच सांगून आयुष्य चाललेला तो गृहस्थ. त्याने ठरवलं की भयपट काढायचा. राक्षसाचा पोशाख शिवायला तो कुशनवाल्यांकडे आला, कारण शिंप्यांनी त्याला दारातही उभं केलं नाही. कुशनवाले तेव्हा तरणेबांड होते आणि कामाला नाही म्हणणं त्यांना माहीत नव्हतं. बसच्या सीटांचं उरलेलं तपकिरी रेक्झिन, आत फोम, अंगावर केस म्हणून काथ्या. काथ्या टाचायला दोन हात कमी पडले म्हणून शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातून काजं-बटणं करणारी एक मुलगी बोलावली. तिने पहिल्याच दिवशी राक्षसाकडे बघून विचारलं, "अहो, याच्यावर बसायचं की याला घाबरायचं?"

मापं घेतली होती ती वजनं उचलणाऱ्या एका आडदांड माणसाची. तो पोशाखात शिरला, मागून चेन लावली, आणि आतून असा काही हंबरडा फुटला की फोटोवाला खूश झाला. त्याला वाटलं, काय अभिनय आहे! तो अभिनय नव्हता. बंद जागेत त्या गड्याचा जीव घाबरा व्हायचा. बाहेर आला तो थेट घरी गेला, पुन्हा फिरकला नाही. मग ज्याने शिवलं त्यानेच घालावं असं ठरलं. कुशनवाले त्या माणसाच्या खांद्याला लागत होते. मुखवट्याचे डोळे त्यांच्या कपाळावर आले. समोरचं काही म्हणता काही दिसेना. तोंडाच्या फटीतून स्वतःचे पाय तेवढे दिसायचे, आणि मान फार मागे टाकली तर थोडं छत. कानांवर फोम दाबून बसलेला, त्यामुळे ऐकूही येईना. फोटोवाला पाठीत काठी टोचून दिशा सांगायचा.

तळघराच्या प्रसंगात ज्या मुलीला मारायचं होतं तिच्या वडिलांनी ऐन वेळी गोष्ट वाचली आणि मुलीला हाताला धरून घेऊन गेले. मग काथ्या टाचणारीला पुढे ढकललं. राक्षसाने तिची दोन्ही मनगटं धरायची, तिने किंचाळायचं, राक्षसाने तिला खाऊन टाकायचं. एवढंच. कुशनवाल्यांनी चाचपडत मनगटं धरली. थोड्या वेळाने हाताला जाणवलं की मुलगी थरथरतेय. आधी मनगटं, मग दंड, मग सगळी मुलगीच. त्यांना वाटलं आपल्या हाताचा अंदाज चुकला, मुलीला लागलं, ती रडतेय. त्यांनी पटकन हात सोडले आणि चुकलं म्हणून तिच्या डोक्यावर हलकेच थोपटलं. तेवढ्यात फिल्म संपली. दुसरी आणायची ऐपत फोटोवाल्याची नव्हती, म्हणून जे निघालं तेच सिनेमात गेलं.

त्या संध्याकाळी कुशनवाले मलमाची ट्यूब घेऊन तिच्या घरी गेले. मनगट दुखतंय का विचारलं. ती म्हणाली, "दुखतंय तर." दुसऱ्या दिवशीही गेले, दुखतच होतं. ते मनगट बरं व्हायला इतके दिवस लागले की तोवर घरच्यांनी लग्नच ठरवून टाकलं. सिनेमा परगावी कुठल्याशा थिएटरात लागला आणि हे दोघं बघायला निघायच्या आत उतरला. मनगटाचं दुखणं मात्र घरात कायमचं राहायला आलं. चादरी पिळायच्या असोत, बरणीचं झाकण उघडायचं असो, अडकलेली खिडकी ओढायची असो, ती मनगट पुढे करायची: "अहो, हा हात तुम्ही निकामी केलाय, विसरलात?" आणि कुशनवाले मुकाट्याने उठायचे. उभ्या जन्मात त्या बाईने चादर पिळली नाही. शेवटी हॉस्पिटलमध्ये नर्स सुई टोचायला आली तेव्हाही ते मध्ये पडले. "त्या हाताला नको, सिस्टर, तो दुखरा आहे." नर्सने बायकोकडे पाहिलं. बायको नुसतं म्हणाली, "ऐका त्यांचं." दुसऱ्या हाताची शीर काही केल्या सापडेना आणि तो हात पार काळानिळा झाला.

रविवारी मुलीला घेऊन ते छापखान्यात गेले. वरच्या मजल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, भिंतीवर पांढरं कापड, हवेत अजून शाईचा वास. पंचविशी-तिशीतली पोरंपोरी दाटीवाटीने बसली होती. डॉक्टरने त्यांना कुणाला काही सांगितलं नव्हतं. कुशनवाल्यांनीच तसं बजावलं होतं. ते मागच्या रांगेत टोकाला बसले. इथे येताना त्यांना पहिल्यांदाच किंचित भीती वाटली होती. भुताची नव्हे. तिचा चेहरा समोर येईल आणि तरीही आत काही हलणार नाही, मग पुढे करायचं काय, याची.

सिनेमा सुरू झाला तसा खोलीत कल्ला झाला. राक्षस नुसता चालला तरी रेक्झिनचा आवाज यायचा, चर्र, चर्र. त्यामुळे तो येतोय हे बळी सोडून सगळ्या जगाला कळायचं. सगळी खोली तोंडाने तो आवाज काढत होती. राक्षस मान मागे टाकून, आभाळाकडे बघत, हात पुढे करून यायचा, भिंतीला धडकायचा आणि वळून तिसरीकडेच जायचा. बळी बिचारा धावत त्याच्या पुढ्यात येऊन उभा राहायचा. पाठीवरची चेन लख्ख दिसत होती. एका पोस्टमनला त्याने गिळलं तेव्हा पोस्टमनची टोपी राक्षसाच्या पायाखाली आली आणि राक्षस घसरला. लोक खुर्च्यांवरून खाली आले. मुलगीही पोट धरून हसत होती. "बाबा, हे तुम्ही? देवा रे!" कुशनवाले बघत होते. डाव्या खांद्याची शिवण जरा ओढली गेलीय, एवढं त्यांच्या लक्षात आलं.

मग तळघर आलं. सगळे उभे राहिले. पुढच्यांच्या पाठी आड आल्या म्हणून कुशनवालेही उठले.

ती पडद्यावर होती. दोन वेण्या, बाहीचं एक बटण उघडं. राक्षसाने मनगटं धरली. मागे कुणा दुसऱ्याच बाईची रेकॉर्ड केलेली किंकाळी चालली होती, आणि ही हसत होती. तोंड भरून हसत होती. दाबायचा प्रयत्न करत होती, गाल फुगवत होती, मान वळवत होती, पुन्हा राक्षसाचं ते छताकडे लागलेलं तोंड बघत होती आणि पुन्हा फुटत होती. तिचे खांदे गदागदा हलत होते. कुशनवाल्यांनी मनगटांकडे पाहिलं. राक्षसाची बोटं इतकी सैल होती की कबुतरसुद्धा उडून गेलं असतं. ती सुटू नयेत म्हणून तिनेच आपल्या बोटांनी राक्षसाचा अंगठा धरून ठेवला होता. मग राक्षसाने घाबरून हात सोडले, तिच्या डोक्यावर थोपटलं, आणि तिने त्याच्याकडे असं पाहिलं की खोलीतली पोरं एका सुरात "आऽऽ" म्हणाली. वरून एक घोगरा आवाज सांगत होता, "राक्षसाच्या हृदयात माणुसकी जागी झाली!" पुढच्याच मिनिटाला त्याने दूधवाल्याला खाल्लं.

हाच तो चेहरा. गालाला खळी पडायची, तीसुद्धा ते विसरले होते.

"ही तर हसतेय," कुशनवाले म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं. मुलगी हसता हसता रडायला लागली होती. कुशनवाल्यांनी स्वतःला चाचपून पाहिलं. काही हललं होतं का? काही कळेना.

सिनेमा संपल्यावर डॉक्टरने त्यांची परवानगी घेतली आणि सगळ्यांना सांगितलं की राक्षस आज इथे आहे. टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं. पोरांनी त्यांना पुढे नेलं, खुर्ची दिली. एका पोरीने विचारलं, "काका, आमच्यात यावरून भांडणं होतात. राक्षस तिला सोडतो का? त्याला तिच्यात स्वतःची बहीण दिसते ना?"

"तिला लागलं असं वाटलं," कुशनवाले म्हणाले. "आतून दिसत नव्हतं काही. ती हसत होती हे मला आज कळलं."

सगळे हसले. मग एकेक करून गप्प झाले. डॉक्टरने विचारलं, पुन्हा लावू का तो प्रसंग? कुशनवाले म्हणाले, "नको. बघितलं." आणि निघाले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीपाशी बसले, शेजारी मुलगी. बराच वेळ ते आपल्याच तळहातांकडे बघत होते.

"लागलं नव्हतं तिला," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"मलम लावलं मी. रोज जायचो. तुझी आजी मला चहा करून द्यायची आणि ही हात पुढे करून बसायची. हळूच लावा हो, म्हणायची!"

मुलीने ओठ दाबले. "तुम्हाला कधी शंकाच आली नाही?"

"शंका? चादरी पिळल्या मी! थंडीत, गार पाण्यात! बरण्या उघडल्या. तुझ्या आत्यासमोर मला सांगायची, यांनी हात मोडलाय माझा, आणि आत्या मला शिव्या घालायची. हो हो म्हणून ऐकून घेतलं मी." आवाज चढत होता. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून पाहिलं. "बघा हो बाई," कुशनवाले तिलाच म्हणाले, "उभा जन्म शेंडी लावली हिने मला! आणि कशी, तर अंगठा धरून!"

"बाबा, हळू."

"हळू काय? हॉस्पिटलमध्ये तरी सांगायचं की नाही? दुसरा हात टोचून टोचून काळा केला त्यांनी. माझ्यामुळे! एका शब्दाने बोलली असती तर. ऐका त्यांचं, म्हणे. शेवटपर्यंत नाटक सोडलं नाही. लबाड कुठली!" त्यांचा चेहरा लाल झाला होता, कानशिलं तापली होती. वर्षभरात बापाच्या तोंडून एवढे शब्द मुलीने ऐकले नव्हते, आणि हसू आवरण्यासाठी ती पलीकडच्या खिडकीबाहेर बघू लागली. "थांब तू," कुशनवाले म्हणाले. "आता घरी गेल्यावर विचारतोच तिला."

मुलीने मान वळवली. बस एका स्टॉपवर थांबली, दोन माणसं उतरली, बस निघाली.

कुशनवाल्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं. ती गेली हे वर्षभर त्यांना माहीत होतं. कुणी विचारलं तर तारखेसकट सांगता येत होतं. पण आता तिला काही विचारायचं होतं, तिच्याशी कडाकडा भांडायचं होतं, आणि घरी कुणी नव्हतं. त्यांनी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"नाहीये गं ती," ते मुलीला म्हणाले, जणू तिला अजून कुणी कळवलंच नव्हतं, आणि भर बसमध्ये मोठमोठ्याने रडायला लागले.